दोन वर्षे, दोन वेधशाळा : अलिबागचा चुंबक, मुंबईची ट्राम आणि ॲपचे चौदा दिवस

ॲप तयार असते, पण लोकांच्या हाती पडत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून गूगल प्लेवर नवे ॲप आणायचे असेल, तर ते आधी मोजक्या माणसांच्या मोबाइलवर सलग १४ दिवस चाचणीसाठी ठेवावे लागते. ही माणसे प्रारंभी किमान २० लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ती अट १२ वर आली. चौदा दिवस संपले की अर्ज, मग तपासणी, मग मंजुरी. ॲप घडवणाऱ्या तरुणांत या पंधरवड्याइतका नावडता विषय दुसरा नसेल. हे लवकर कसे उरकावे, हाच प्रत्येकाचा प्रश्न.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न थोडा वेगळा ऐकू येतो. चाचणीतला कोणता काळ कमी करता येतो आणि कोणता येत नाही? या प्रश्नाचे एक उत्तर रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागेत, १९०४ ते १९०६ या काळात दिले गेले आहे. अलिबागला जाणारे पर्यटक ओहोटीची वेळ विचारतात, कुलाबा किल्ल्यात जाऊन येतात आणि परततात. त्याच गावात एक चुंबकीय वेधशाळा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. आजचा धागा तिच्याविषयी. जरा लांब आहे, पण सवडीने वाचावा.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. मुंबईच्या दक्षिण टोकाचे कुलाबा वेगळे आणि अलिबागसमोरचा समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा. या किल्ल्यावरून आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा असे होते. आपल्या कथेतली वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून कुलाबा जिल्ह्यात आली. जुनी कागदपत्रे वाचताना या एका शब्दाने मला अनेकदा चकवले आहे.

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. खगोलवेध घेणे आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे हे तिचे मूळ काम. १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. त्या काळी युरोपात गाउस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभर एकाच वेळी चुंबकीय नोंदी घेण्याची चळवळ चालवली होती. मुंबई त्या जाळ्यातला एक धागा झाली.

ऑर्लेबारांच्या हाताखाली विशीही न गाठलेला एक मराठी साहाय्यक होता. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे थोर अध्यापक म्हणून गाजलेले, लोकमान्य टिळकांचे गुरू केरोपंत ते हेच. त्यांचा जन्म १८२५ मध्ये अलिबागजवळच्या नागावचा. नागावचा मुलगा वेध घ्यायला मुंबईला गेला आणि साठ-पासष्ट वर्षांनी ते वेधच त्याच्या गावाशेजारी राहायला आले. हा केवळ योगायोग आहे, पण नागावच्या वाडीतून जाताना तो आठवल्यावाचून राहत नाही.

या वेधांत मोजायचे तरी काय? होकायंत्राची सुई उत्तर दाखवते एवढे आपण जाणतो. ती सुई स्थिर नसते, हे सहसा जाणत नाही. दिवस चढतो तशी ती किंचित सरकते, संध्याकाळी मागे येते. ऋतूनुसार तिची चाल बदलते. सूर्यावर डाग वाढले की ती बेचैन होते. हे सरकणे डोळ्याला दिसण्याजोगे नसते. म्हणून धाग्याला टांगलेल्या चुंबकावर छोटा आरसा बसवीत आणि त्या आरशाच्या साहाय्याने दूरच्या पट्टीवरचे आकडे वाचीत. कुलाब्यात प्रारंभीची कित्येक वर्षे हे काम माणसे डोळ्यांनी करीत, ठरलेल्या घटकेला, रात्रीसुद्धा. फोटोच्या कागदावर आपोआप रेषा उमटवणारी यंत्रे १८७० च्या सुमारास आली.

या कंटाळवाण्या आकड्यांचे मोल काय, हे सप्टेंबर १८५९ मध्ये दिसले. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर झळाळी पाहिली. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. त्या वादळात कुलाब्याच्या साहाय्यकांनी वाचन सोडले नाही. नेहमीपेक्षा अधिक वेळा वाचून त्यांनी आकडे लिहून ठेवले. पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची ती नोंद जवळजवळ दीडशे वर्षे वह्यांत पडून होती. २००३ मध्ये त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत भारतीय शास्त्रज्ञही होते) तिच्या आधारे त्या वादळाची तीव्रता मोजली. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना सूर्यापासून किती धोका संभवतो, याचा अंदाज बांधताना ही नोंद पुढे ठेवली जाते.

अशा मालिकेत खंड पडणे म्हणजे काय, हे यावरून ताडता येईल. आणि खंड पडण्याची वेळ आली होती.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली होती. १८९९ मध्ये ट्रामवे कंपनीने विजेवर ट्राम चालवण्याची परवानगी महापालिकेकडे मागितली. शहराच्या दृष्टीने ही सुवार्ता; वेधशाळेच्या दृष्टीने संकट. विजेची ट्राम वरच्या तारेतून प्रवाह घेते आणि तो रुळांतून परत पाठवते. त्यातला काही भाग रुळांतून निसटून जमिनीत शिरतो. दर गाडीच्या सुटण्या-थांबण्यासरशी हा प्रवाह बदलतो, आणि त्याबरोबर आसपासचे चुंबकीय क्षेत्रही. सूर्याची कुजबुज ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानाशी ताशा वाजू लागावा, तसे.

हे संकट मुंबईपुरते नव्हते. टोरांटोची चुंबकीय वेधशाळा ट्रामपायी १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला न्यावी लागली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे चुंबकीय काम पुढे स्कॉटलंडमधील एस्कडेलमूरच्या माळावर गेले; ती जागा १९०८ मध्ये सुरू झाली. शहरांना वीज हवी होती आणि चुंबकाला शांतता.

मुंबईच्या वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस होते. १८९६ मध्ये या पदावर आलेले ते पहिले भारतीय. मूस यांच्या पुढाकाराने नवी जागा निवडण्यात आली ती अलिबाग : मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, मध्ये समुद्र, ट्रामची शक्यता नाही, आणि तरी इतके जवळ की दोन्ही ठिकाणचे चुंबकीय हवामान जवळपास एकच.

इमारत बांधतानाही चाचणीचाच विचार होता. कोकणात घर बांधायचे तर काळा दगड हाताशी असतो. परंतु सह्याद्रीच्या या काळ्या दगडात चुंबकीय खनिज असते. चुंबकाची खोली त्याच दगडाची बांधणे म्हणजे ज्याचे वजन करायचे त्यालाच तराजू धरायला देणे. म्हणून पोरबंदरचा फिकट, अचुंबकीय दगड आणला. लोखंडाचे जोडकाम टाळले. यंत्रांच्या खोलीत दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा शक्यतो पोहोचू नये, अशीही रचना केली; कारण उष्णतेने चुंबकाचे बल बदलते आणि मग सूर्याचा परिणाम कोणता नि उन्हाचा कोणता, हे कळेनासे होते.

आता मुख्य मुद्दा. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये काम करू लागली. आपण असतो तर काय केले असते? नवी यंत्रे आली, उत्तम जागा मिळाली; कुलाब्याला कुलूप लावून सामान हलवले असते. तसे झाले नाही. सुमारे दोन वर्षे, १९०४ ते १९०६, दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालल्या. त्याच दिवसाची, त्याच तासाची नोंद इकडेही आणि तिकडेही.

याचे कारण घरगुती उदाहरणाने सांगतो. अनेक घरांत दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. घर बदलले की नव्या चौकटीवर खुणा सुरू होतात. पण नव्या घराचा उंबरा बोटभर उंच असेल, तर मूल एका रात्रीत तेवढे खुजे झाल्यासारखे दिसेल. हे टाळायचे तर घर बदलण्यापूर्वी एकदा तरी दोन्ही चौकटींवर एकाच दिवशी उंची मोजायला हवी. दोन खुणांतला फरक कळला की जुना हिशेब नव्याला जोडता येतो. वेधशाळेत तो फरक एकदा मोजून भागत नाही. तो पावसाळ्यात तेवढाच राहतो का, थंडीत बदलतो का, वादळात दोन्ही सुया सारख्याच दचकतात का, हे सारे पाहावे लागते.

दोनच वर्षे का? मी याचा अर्थ असा लावतो : एका वर्षात ऋतुचक्र एकदाच दिसते. दिसलेला फरक ऋतूचा की यंत्राच्या खोडीचा, हे दुसरे वर्ष आल्यावाचून सांगता येत नाही. भरीस भर म्हणजे त्या वेळचे सौरचक्र १९०६ च्या सुमारास ऐन भरात होते. त्यामुळे नव्या यंत्रांची परीक्षा शांत दिवसांबरोबर अशांत दिवसांतही झाली.

या अवधीत घाई कोठेच चालली नसती. दुप्पट माणसे नेमून मृगाचा पाऊस मार्चमध्ये पाडता येत नाही.

आणि तरीही (ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते) या दोन वर्षांपायी ट्राम रखडली असे म्हणता येत नाही. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. कंपनीचा अर्ज १८९९ चा. पहिली विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी महापालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटकडे धावली. मध्ये आठ वर्षे. ती गेली कोठे? ट्रामवे कायद्यानुसार १९०१ मध्ये ट्राम ताब्यात घेण्याचा अधिकार महापालिकेला मिळणार होता. एवढे भांडवल घालायचे तर महापालिकेने तो अधिकार सोडावा, असे कंपनीचे म्हणणे. महापालिकेने उलट ट्राम स्वतःच घ्यायचे ठरवले. मग कायद्याचे वाद, नव्या कंपनीचा अर्ज, आणि अखेर १९०५ मध्ये वीजपुरवठ्याचा परवाना व करार. चुंबकाची दोन वर्षे या आठ वर्षांच्या पोटात, कोणाला न जाणवता, सामावून गेली. ती आधी सुरू झाली, एवढेच त्यांचे रहस्य.

त्याऐवजी १९०७ च्या एप्रिलमध्ये कोणाला जाग आली असती तर? मग दोनच मार्ग उरले असते : शहराची ट्राम दोन वर्षे अडवून धरणे, किंवा साठ वर्षांची मालिका तोडणे. पहिला मार्ग कोणी मान्य केला नसता. दुसरा निमूटपणे स्वीकारला गेला असता.

आता पुन्हा ॲपकडे. दुकानात येण्याआधी ॲपचा जो वेळ जातो तो सगळा एका जातीचा नसतो. काही वेळ रांगेचा असतो. तो कमी होऊ शकतो आणि झालाही आहे : २०१६ पूर्वी ॲपलच्या तपासणीला साधारण आठवडा लागे, आज कंपनीच्या सांगण्यानुसार सरासरी ९० टक्के अर्ज २४ तासांच्या आत तपासले जातात. काही वेळ कागदांचा असतो. गोपनीयतेचे धोरण लिहिलेले नसते, तपासणाऱ्याला आत शिरण्यासाठी खाते दिलेले नसते, ॲप वापरकर्त्याची कोणती माहिती गोळा करते याचा तक्ता अर्धवट असतो. अर्ज परत येतो आणि दोष तपासणाऱ्यावर जातो. हा आपला १८९९ ते १९०५ चा काळ. तो आपण स्वतः वाचवू शकतो.

उरतो तो वेळ वापराचा. बारा माणसांनी चौदा दिवस ॲप वापरण्याला बारा दुणे चोवीस माणसांनी सात दिवस वापरणे हा पर्याय नाही. याचे रायगडच्या किनाऱ्यावरचे उदाहरण देतो. समजा, एखाद्याने भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारे ॲप केले. कुलाबा किल्ल्यात चालत जाणाऱ्यांना, होडी काढणाऱ्यांना उपयोगी पडेल असे. अमावास्येच्या आसपास तीन दिवस तपासले आणि सगळे जुळले. पण ते उधाणाचे दिवस. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती येते, पाण्याची चढउतार कमी होते, वेळा वेगळ्या पडतात. उधाण ते भांग आणि पुन्हा उधाण हे आवर्तन पुरे व्हायला सुमारे पावणेपंधरा दिवस लागतात. गूगलने चौदा दिवस ठरवताना चंद्राकडे पाहिले नसणार, हे उघड आहे. परंतु या ॲपला तो पंधरवडाही कसाबसा पुरेल. पावसाळ्यात ते कसे वागते हे तर त्यात दिसणारच नाही. येथे चूक म्हणजे केवळ वाईट अभिप्राय नव्हे. भरतीच्या पाण्यात किल्ल्याच्या वाटेवर अडकलेले कुटुंब, हीही असू शकते.

सगळ्याच ॲपना हे लागू नाही, हेही मान्य करतो. बेरजेचे पाढे शिकवणाऱ्या ॲपला चंद्राची प्रतीक्षा कशाला? सरसकट चौदा दिवसांचा नियम बोथट आहे, ही तक्रार मला रास्त वाटते. शिवाय अशा नियमाला पळवाटा फुटतातच. परस्परांची ॲप नुसती बसवून ठेवणारे गट तयार झाले आहेत. पैसे घेऊन चाचणीकर्ते पुरवणारेही आहेत. अशा ठिकाणी चौदा दिवस भरतात, पण ॲप कोणी उघडतच नाही. हे म्हणजे अलिबागची वेधशाळा बांधून दोन वर्षे तिला कुलूप लावून ठेवण्यासारखे. काळ गेला, तुलना झालीच नाही.

मग मूस यांच्या धोरणाचे आजचे रूप कोणते? ॲप पूर्ण होण्याची वाट न पाहता, त्याचा गाभा चालू लागताच बंदिस्त चाचणी सुरू करणे. चौदा दिवस तिकडे चालू असताना इकडे चित्रे, वर्णन, धोरण, तक्ते पुरे करणे. ॲपलच्या टेस्टफ्लाइटमध्ये एक आवृत्ती ९० दिवस, बाहेरच्या १०,००० लोकांपर्यंत देता येते. ही सोय अर्जाच्या आदल्या दिवशी वापरायची नसते.

दोन वेधशाळा एकाच वेळी चालवण्याचे सर्वांत जवळचे भावंड मात्र मंजुरीनंतर भेटते. ॲपलवर सुधारित आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडता येते. आपोआप अद्ययावत होणाऱ्या मोबाइलांपैकी पहिल्या दिवशी १ टक्का, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी १००. मध्येच काही बिघडले तर एकूण ३० दिवसांपर्यंत हे वाटप थांबवता येते. तोवर जुनी आवृत्ती बहुतेकांच्या हाती चालूच असते. कुलाबा बंद न करता अलिबाग सुरू करणे याहून वेगळे ते काय होते? घाईत असणाऱ्यालाही हे सात दिवस परवडतात, कारण त्यांत काम थांबलेले नसते.

१९०६ मध्ये कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. दोन ठिकाणांमधला फरक ठाऊक असल्यामुळे मालिका तुटली नाही. मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या मुंबईच्या चुंबकीय नोंदी विवेचनासह १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली आणि तिचे मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे.

ज्या ट्रामसाठी हा सारा खटाटोप झाला, तिची शेवटची गाडी ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. पुढे तिचे रूळही निघाले. अलिबागेतल्या नोंदी मात्र अजून चालू आहेत.